येण्याआधी जाण्याचं बोला

पैसे उधळायला निघालेल्या माणसाकडे जग फार मायेने बघतं. समुद्रकिनाऱ्यावर पालथा पडून राहीन, रात्री नाचेन, सकाळी अकराला उठेन असं सांगा. कुठलाही देश ‘या, बसा’ म्हणेल. पण ‘मी तुमच्याकडे येऊन फुकट राबणार आहे’ असं एकदा सांगून बघा. समोरचा अधिकारी चष्मा पुसतो, तुमच्याकडे बघतो, मग पासपोर्टाकडे बघतो. ‘फुकट? का बरं?’ एवढंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली. ‘एक झेरॉक्स कमी आहे’ हे वाक्य मी इतक्या गोड आवाजात म्हणत असे, की लोक आभार मानून परत जात. निवृत्त होऊन दापोलीच्या घरी आलो आणि कागद मागायला कोणी उरलं नाही. मग मी हिच्याकडे भाजीच्या पावत्या मागू लागलो. ठाण्याला असणाऱ्या पुतणीच्या कानावर हे गेलं. तिचा फोन आला, ‘काका, तुम्ही व्हॉलंटिअरिंग करा. परदेशात.’ फोन स्पीकरवर होता. ही आतून ओरडली, ‘किती महिन्यांचं असतं गं?’

आधी न्यूझीलंड ठरलं, कारण तिथे साप नाहीत. शेतावर काम करायचं, राहणं-जेवण शेतकऱ्याकडे, असा बेत. १९७१ साली इंग्लंडात ‘वूफ’ नावाने सुरू झालेली ही पद्धत आता जगभर पसरली आहे. पण नियम वाचले आणि घास अडकला. न्यूझीलंडचं म्हणणं असं, की पाहुण्याने काम करायचं नाही, आणि कामाच्या बदल्यात जेवण-बिछाना मिळाला तर तोही मोबदलाच. म्हणजे दुपारी मालकिणीने वाटीभर सूप पुढे केलं की मी बेकायदा नोकर. ते नाकारून उपाशीपोटी गवत कापलं तर मात्र सच्चा सेवक. शिवाय दर महिन्यासाठी त्यांचे १,००० डॉलर जवळ असल्याचं दाखवा. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४०० चालतील. आणि देश सोडून जाण्याचं तिकीट, ते हवंच.

ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांना सुट्टीत काम करता येईल असा व्हिसा द्यायला सुरुवात केली आहे. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३० आणि तेही सोडतीने. माझं वय आणि म्हाडाच्या सोडतींचा अनुभव, दोन्ही आडवे आले.

इंग्लंडचा नियम तर फार्स लिहिणाऱ्या माणसाने केला असावा. तिथे साधा पाहुणा म्हणून गेलात तरी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत ३० दिवसांपर्यंत सेवा करता येते. अट एकच. सेवा करणं हा तुमच्या येण्याचा मुख्य हेतू असता कामा नये. मी आरशासमोर उभा राहून तालीम केली.

‘इंग्लंडात कशासाठी आलात?’

‘मुख्यतः काही नाही.’

‘म्हणजे?’

‘थोडी सेवा करीन. पण मनापासून नाही.’

ही दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, ‘अहो, मग त्यासाठी इंग्लंड कशाला? घरात तेच चाललंय.’

शेवटी फ्रान्स मुक्रर झालं. दक्षिणेकडे सेव्हेन नावाचा डोंगराळ मुलुख आहे, चेस्टनटच्या झाडांचा. तिथल्या डोंगरउतारावर जुन्या दगडी भिंती ढासळल्या आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकावर एक रचलेले. युनेस्कोने २०१८ साली या विद्येला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा फ्रान्ससह युरोपातल्या आठ देशांचं नाव त्यात होतं. त्या भिंती स्वयंसेवकांनी रचायच्या, असं उन्हाळी शिबिर होतं. मी फोटो हिला कौतुकाने दाखवला. तिने चष्मा कपाळावर चढवला. ‘हा तर गडगा!’

गडगाच होता. अगदी कोकणातला.

‘आपल्या परसातला गडगा पडून किती पावसाळे झाले? गुरं आत येऊन अळू खातात. आणि तुम्ही फ्रान्सचा गडगा बांधायला निघालात?’

‘तो जागतिक वारसा आहे.’

‘आणि आपला?’

आपला ग्रामपंचायतीच्या उताऱ्यातही धड नव्हता. मी विषय बदलला.

या शिबिरांची कुळकथा मात्र वाचण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस माणूस मूठभर मंडळी घेऊन फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या उद्ध्वस्त गावात गेला आणि घरं उभारू लागला. काही महिन्यांतच त्यांना गाशा गुंडाळावा लागला, कारण स्वयंसेवकांत जर्मनही होते आणि ते कोणाला रुचलं नाही. पुढे १९३४ च्या भूकंपानंतर हेच सेरेसोल बिहारमध्ये येऊन गावं वसवायच्या कामाला लागले. सांगायचं एवढंच, की फुकट राबायला आलेल्याला ‘तुम्ही जाताय कधी?’ विचारण्याची प्रथा पहिल्या शिबिराइतकी जुनी आहे.

आणि खरं सांगायचं तर आपणही वेगळं काय करतो? दारात पाहुणा चपला काढत असतो, तेवढ्यात आपण तोंडभर हसून विचारतो, ‘मग, परतीची गाडी कितीची?’ युरोपने या प्रश्नाला फक्त कायद्याचं कलम आणि व्हिसाची ९० युरो फी लावली आहे. फी ११ जून २०२४ पासून ९०. त्याआधी ८० होती. उशिरा आलेल्या पाहुण्याला महागच पडतं.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे कागद जमवताना मला हळूहळू कळलं, की यांना मी येण्यात फारसा रस नाही, मी जाण्यात आहे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा आणि परतल्यावरही तीन महिने जिवंत हवा. पासपोर्ट हो, मी नव्हे. माझ्या बाबतीत त्यांनी दोन्ही शक्यता धरल्या आहेत. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो आणि त्यात आजारी पडलो तर घरी धाडण्याचा खर्च धरलेला असतो, मेलो तरी धाडण्याचा असतो. जिवंत जाण्याचं तिकीट वेगळं, मेल्यावर जाण्याची पॉलिसी वेगळी. कुठल्याच अवस्थेत मुक्काम वाढवायचा नाही, असा एकंदर सूर.

पुढचा कागद बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट. मी ज्या शाखेत साहेब होतो तिथेच गेलो. काउंटरवर नवीन मुलगा होता. त्याने संगणकात बघितलं आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाला, ‘काका, तुमचं केवायसी अपडेट नाहीये. आणि एक झेरॉक्स कमी आहे.’ मी आभार मानून परत आलो.

मग ‘मायदेशाशी असलेले बंध’ सिद्ध करायचे. नोकरदार माणूस रजामंजुरीचं पत्र जोडतो. हा परत कामावर हजर होणार, हे त्यावरून कळतं. मी कोणापुढे हजर होणार? पुतणी म्हणाली, ‘काका, तुम्हाला परत का यावंच लागेल, ते पत्रात लिहा.’ मी लिहिलं: घर आहे, हापूसची कलमं आहेत, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, गणपती आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. शेवटी लिहिलं, पत्नी वाट बघेल. ते पत्र हिने वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबली. ‘हे पुराव्यानिशी लिहायचं असतं ना?’ म्हणाली.

हे सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं नाही, बरं का. व्हिसा नाकारण्याच्या त्यांच्या छापील नमुन्यात एक कारण असतं: मुदत संपण्याआधी तुम्ही निघून जाल याबद्दल रास्त शंका आहे. आमच्या ओळखीच्या एका सज्जनांना हेच कारण आलं. ते आयुष्यात कोणाकडे चहाच्या वर थांबलेले नाहीत. त्या कागदाने ते इतके दुखावले, की हल्ली चहालाही येत नाहीत.

आता तिकीट. इथे खरी गंमत. अर्जाला जाण्यायेण्याचं आरक्षण जोडा, असं म्हणतात. आणि त्याच तोंडाने सांगतात, व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, नाकारला तर आम्ही जबाबदार नाही. मी कर्जविभागात आयुष्य काढलेला माणूस. तारण ठेवल्याशिवाय कर्ज नाही आणि कर्जाशिवाय तारण घेता येत नाही, अशा अडचणीत मी लोकांना पाडलं आहे. पण इतक्या सफाईने नाही. शेवटी बाजारपेठेतल्या ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. तिकीट हवंय म्हणालो. त्याने मान वर न करता विचारलं, ‘व्हिसासाठी पाहिजे की जायला पाहिजे?’

‘दोन्हींत फरक असतो?’

‘व्हिसाचं काही शे रुपयांत होतं. जायचं महाग पडतं.’

व्हिसाचं म्हणजे डमी तिकीट. पीएनआर असतो, नाव असतं, आसन असतं. विमानात मात्र आपण नसतो. काही दिवसांनी ते आरक्षण आपोआप गळून पडतं. जगात कुठल्याही क्षणी किती विमानं अशा न येणाऱ्या प्रवाशांनी भरलेली असतील, या विचाराने मला गहिवरून आलं. पण बँकेतली हाडं. खोटा कागद जोडायला हात धजेना. मी रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असं खरं तिकीट मागितलं. एजंटने पहिल्यांदाच मान वर केली आणि आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, ‘अरे, हे बघ, खरं तिकीट काढणारे काका आलेत.’ आतून दोघेजण बघायला आले.

मुंबईच्या व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे दिले. फोटो मी आठवणीने नवा काढला होता. ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, हसायचं नाही. इतक्या उस्तवारीनंतर हसू येणार कुठून? तरी तिथल्या मुलीने फोटो उजेडात धरला. ‘सर, तुम्ही थोडे हसताय.’ मी म्हटलं, माझं तोंडच असं आहे. नवा फोटो तिथल्याच यंत्रात, तिथल्याच दराने काढला. त्यात मी फरारी दिसतो. तोच पास झाला.

व्हिसा आला. मग परतीचं तिकीट मी हुशारीने बदललं. पॅरिसला जायचं, आणि शिबिर संपल्यावर रेल्वेने बार्सिलोनाला जाऊन तिथून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने परत, हे स्वस्त पडत होतं. दोन वेगळ्या कंपन्या म्हणजे दोन वेगळी तिकिटं, हे मला माहीत होतं. चेक-इनवरच्या संगणकाला यातलं एकच दिसतं, हे माहीत नव्हतं.

‘सर, परतीचं तिकीट?’ काउंटरवरच्या मुलीने विचारलं. आडनाव बिल्ल्यावर मराठी होतं, त्यामुळे मला धीर आला. तो अकारण होता.

‘आहे की.’

‘दाखवा ना.’

तिकीट ईमेलमध्ये होतं. फोनने पासवर्ड मागितला. पासवर्ड एका वहीत होता, वही बॅगेत, आणि बॅग पट्ट्यावर चढलेली. छापील प्रत? तीही बॅगेतच, कारण ‘महत्त्वाचे कागद तळाशी नीट ठेवलेत हो’ असं हिने निघताना बजावून सांगितलं होतं.

‘व्हिसा आहे ना माझ्याकडे,’ मी म्हणालो.

‘व्हिसा जायचा आहे, सर. परत याल हे कशावरून?’

‘अहो, घरी बायको आहे.’

‘ते रिटर्न तिकीट म्हणून धरत नाहीत, सर.’

तिचाही काही दोष नव्हता. ‘टायमॅटिक’ नावाची एक जागतिक यादी विमान कंपन्यांकडे असते. कोणत्या पासपोर्टवाल्याने कोणत्या देशात जाताना काय दाखवायचं ते तिच्यात असतं आणि काउंटरवरची मंडळी ती पोथीवत मानतात. त्यामागे भक्ती नाही, भीती आहे. सीमेवर प्रवाशाला परत फिरवलं तर त्याला स्वखर्चाने माघारी आणणं कंपनीच्या गळ्यात पडतं. आणि नीट कागद नसलेला माणूस आणून सोडला, तर दंड. युरोपच्या २००१ च्या निर्देशात त्याचा एक पर्याय आहे माणशी किमान ३,००० युरो. सरकारी अंमलदार तिथे, सीमेवर, झोप काढत असतो. त्याचं काम मुंबईच्या पहाटे ही मुलगी करत असते. ३,००० युरो ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी बोली होती. मला तेवढा भाव देणारं दुसरं कोणी भेटलेलं नाही.

बॅग पट्ट्यावरून उतरवली. काउंटरसमोर फरशीवर उकिडवा बसून मी ती उघडली. मागे रांग. वर स्वेटर, त्याखाली मेतकुटाची पिशवी, तिच्याखाली आमसुलं, मग तांदळाच्या पिठाची पुरचुंडी, तिला लोकरीचा मोजा घातलेला. का, ते हिलाच माहीत. मागच्या गृहस्थांनी पुढे वाकून विचारलं, ‘कुळीथ पीठ नाही आणलंत?’ होतं. तेही निघालं. कागदांची फाइल सगळ्यात खाली, लाडवांच्या डब्याखाली होती, आणि डब्याचं झाकण सैल होतं. परतीचं तिकीट मी त्या मुलीच्या हातात दिलं तेव्हा त्यावर तुपाचा एक गोल डाग होता. बार्सिलोना त्यातून आरपार दिसत होतं. तिने ते दोन बोटांत धरून नंबर टंकला आणि म्हणाली, ‘बेसनाचे का?’

पुतणीला फोन लावला. ‘काका,’ ती म्हणाली, ‘स्क्रीनशॉट काढून ठेवा म्हणून सांगितलं होतं ना!’ मग एक सुस्कारा. तो स्पष्ट ऐकू आला.

पॅरिसला मात्र घोर निराशा झाली. विमानभर मी उत्तरं पाठ केली होती. फाइल छातीशी धरली होती. पेन्शनचा कागद, इन्कमटॅक्स, विमा, आमंत्रण, कलमांचा सातबारासुद्धा. काचेमागच्या अधिकाऱ्याने विचारलं, किती दिवस? मी सांगितले. त्याने शिक्का मारला. बस्स. मी हललो नाही. फाइल पुढे सरकवली. त्याने हाताने ‘पुढे’ अशी खूण केली. मी पुन्हा सरकवली; निदान सातबारा तरी बघ, म्हटलं. मागच्या बाईंनी मला हलकेच ढकललं. इतके कागद जमवून कोणी बघितले नाहीत, याचं दुःख काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. बँकेत मी निदान प्रत्येक पान उलटून बघायचो.

शिबिराबद्दल फार सांगत नाही. दगड जड होते. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसवायचा आणि पोटात बारीक खडी भरायची, हे तिथला पंचविशीतला प्रमुख मला शिकवत होता. आमच्या गड्याने हेच मला लहानपणी सांगितलं होतं, फक्त त्याने त्याला युनेस्को म्हटलं नव्हतं. एक कोरियन मुलगी होती. तिला ९० दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही. एकेरी तिकिटावर आली होती, पुढे मोरोक्कोला जायचं मनात होतं, कधी ते ठरलं नव्हतं. मी तिला माझी फाइल दाखवली. तिने ती प्राचीन हस्तलिखित चाळावं तशी चाळली आणि सातबाऱ्याचा फोटो काढला. चला, कोणीतरी बघितला.

तिथेच एका निवृत्त फ्रेंच मास्तरांशी गट्टी जमली. मेतकूट-भात त्यांना फार आवडला. माझ्या परसातल्या गडग्याची हकिगत ऐकून ते एकदम उभे राहिले. ‘मी येतो,’ म्हणाले, ‘हिवाळ्यात. आपण दोघं मिळून उभा करू.’ मला भरून आलं. घरी परतल्यावर, माणुसकी म्हणून, मी त्यांच्यासाठी आपल्याकडचे नियम बघितले.

आपल्या ई-टुरिस्ट व्हिसावर परदेशी पाहुण्याला सेवा करता येते, जास्तीत जास्त एक महिना, आणि कुठल्याही स्वरूपाचा मोबदला घ्यायचा नाही. मेतकूट-भात मोबदल्यात बसतो का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. विचारलं की बसतो, हा सरकारी अनुभव आहे. पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत, पुरेसे पैसे हवेत. आणि परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट जवळ हवं. शिवाय ते आमच्या ओटीवर पाय ठेवतील, तेव्हापासून २४ तासांच्या आत मी, यजमान म्हणून, फॉर्म भरून सरकारला कळवायचं. हा नियम हॉटेलांनाच नाही, घरात पाहुणा उतरवणाऱ्यालाही आहे.

मी मास्तरांना सविस्तर पत्र लिहिलं. काय काय लागेल त्याची यादी दिली, फोटोचं माप दिलं, विमा काढा म्हटलं, पासपोर्टची प्रत मागवली. त्यांनी पाठवली. एक पान अस्पष्ट होतं. मी परत पाठवली. बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं.

त्यांचं अजून काही ठरलेलं नाही. गडगा पडलेलाच आहे, अळू गुरं खातातच आहेत. तेव्हा वाचकांपैकी कोणाला दगड रचता येत असतील, तर दापोलीला अवश्य या. दगड आमचे, जेवण आमचं, व्हिसा लागत नाही. फक्त परत कधी निघणार ते आधी कळवा. ही विचारते आहे.